रात्रपाळीची वीज आणि हातातला गेम

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि पुढच्या आठवड्यात रात्री मिळते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात विहिरीवर कुणीतरी जागे राहावेच लागते. पदवी घेऊन घरी परतल्यावर २०१९ मध्ये ते काम माझ्याकडे आले, आणि मोटारीशेजारच्या बाजेवर वेळ जाईना म्हणून मी मोबाईलवर लढाईचा गेम खेळू लागलो. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच चमू उरतो, असा तो खेळ. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही, आणि उठून गेलो तर बरोबरचे तिघे अडचणीत येतात. मला बांधून ठेवले ते मुख्यतः या न थांबण्याने, असे मला आज वाटते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत माझा गेमही होता. मायला वाटले, आता सुटला. चारच दिवसांत मी तसाच दुसरा गेम घेतला.

२०२३ च्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर होता आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेत घड लटकलेले होते. रात्री ठरल्या वेळी ठिबकचा एक व्हॉल्व्ह बंद करून दुसरा उघडायचा, एवढेच माझे काम. सलग तीन रात्री मी खालच्या तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. हा डाव संपू दे, पुढचा संपू दे, असे करता करता वीज जायची, आणि सकाळी नानांनी विचारले की पाणी दिले, असे मी खोटे सांगायचो. चौथ्या दिवशी ते मला त्या तुकड्यात घेऊन गेले. पाने कडांनी करपली होती, नळीखालची माती पांढरी पडून भेगाळली होती आणि काही घड सटकून खाली पडले होते. नानांनी त्यातला एक उचलून बांधावर ठेवला आणि एक शब्दही न बोलता ते घराकडे निघाले.

त्या दुपारी मी मोबाईलमधला वापराचा हिशोब उघडून पाहिला, तर आठवडाभर रोज सहा तासांहून अधिक वेळ एकट्या गेमवर गेला होता. मी गेम काढून टाकला, पण खाते तसेच ठेवले, आणि ही माझी मोठी चूक ठरली, कारण जवळपास तीन वर्षांत मिळवलेली रँक तिथे माझी वाट पाहत होती. पहिले दहा-बारा दिवस झोप लागेना, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होई. ते कसेबसे निभावले. पुढे श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, रात्री भाऊबंद जमले, कुणीतरी मोबाईल पुढे केला, आणि जागरण संपेपर्यंत मी खेळत बसलो.

दुसऱ्या दिवशी कानबाईचे विसर्जन करून आल्यावर मी १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, क्रमांकावर फोन केला. ही सरकारी सेवा मोफत असून तिथे मराठीत बोलता येते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डरची नोंद आजारांच्या यादीत केली आहे, हे मला तेव्हा कळले. ताबा सुटणे, इतर सगळ्या कामांच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तिन्ही लक्षणे माझ्यात होती. पलीकडच्या ताईंनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला: हात नेमका कोणत्या वेळी मोबाईलकडे जातो? उत्तर मला माहीत होते. रात्री अकरानंतर, विहिरीवर.

मग मी खाते कायमचे मिटवले, चमूतल्या तिघांना स्वतः फोन करून सांगितले आणि विहिरीवर साधा बटणांचा फोन नेऊ लागलो. नानांच्या जुन्या वहीत प्रत्येक व्हॉल्व्ह उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायची, असे ठरवले. मधल्या वेळात बॅटरी घेऊन ओळींतून फिरतो, तुंबलेले ड्रीपर उघडून धुतो. अंधारात थेंबांचा आवाज थांबला की नळी कुठे अडली आहे, ते आता कानाला कळते. नाना पूर्वी रात्री तीन-तीनदा फोन करून "लाईट उनी का रे?" असे विचारायचे. गेल्या हंगामापासून ते रात्रीचा फोन करत नाहीत, सकाळी ओट्यावर बसून वही वाचतात.