मोरचूद आणि निळा लॉबस्टर

घरोघरच्या माशांच्या टाक्या सांभाळायच्या आमच्या कामाला मे महिन्यात उसंत नसते. सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे गेला की टाकीतलं पाणीही तापतं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मग मासे वर येऊन तोंड मारायला लागतात आणि सकाळपासून फोन सुरू होतात. त्या दिवशीचा फोन जुळे सोलापुरातला. "दादा, लॉबस्टर मेला. माशांवर पण पांढरे ठिपके आलेत, औषध आणलंय, टाकू का?"

"मी येईपर्यंत थेंबभरही टाकू नका," एवढं बोलून मी गाडी काढली.

तीन फुटी टाकी, दोन गोल्डफिश, काही मॉली. बाहेर वर्तमानपत्रावर ठेवलेला निळा लॉबस्टर. हा खरं तर गोड्या पाण्यातला क्रेफिश, पण दुकानांत लॉबस्टर म्हणूनच विकतात. घरातला लहान मुलगा रडून रडून दमला होता. मी तो 'मेलेला' उचलला, तर वजनच लागेना. पाठ आणि शेपटी जुळते तिथं आडवी चीर, आत पोकळ. मिशा, पाय, नांग्या, डोळ्यांवरचं पारदर्शक आवरणसुद्धा जागच्या जागी. फक्त आतला जीव निघून गेलेला. ती कात होती.

मोबाईलचा टॉर्च लावून टाकीत आडव्या ठेवलेल्या कुंडीत बघितलं. तो तिथंच होता, फिकट, अंग मऊ, नांग्यासुद्धा नीट उचलत नव्हता. कुंडीच्या तोंडाशी एक गोल्डफिश घुटमळत होता आणि क्रेफिशची एक मिशी अर्धी तुटली होती. लॉबस्टर मासे खाईल का, हे मला सगळेच विचारतात. खातो, रात्री तळाशी विसावलेला मासा सापडला तर नक्की. पण कात टाकल्यावर कवच कडक होईपर्यंतचे दिवस असे असतात की मासेच त्याचे लचके तोडतात. म्हणून लपायची जागा आधी, प्राणी नंतर, असं माझं ठाम मत आहे.

मग मी औषधाची बाटली मागितली. घटकांत पहिलंच नाव कॉपर सल्फेट. घरातले आजोबा पंढरपूरकडचे, द्राक्षबागायतदार. मी म्हणालो, "आजोबा, हे मोरचूद आहे."

"बागेवर फवारायच्या बोर्डोत चुन्याबरोबर घालतो ते?"

"तेच."

त्यांनी बाटली लगेच टेबलावरून उचलून बाजूला ठेवली. पुढं समजावावं लागलंच नाही. क्रेफिश, कोळंबी, खेकडा यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या द्रव्यात तांबंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं त्यांना विष ठरतं. माशाला सोसणारा डोसही त्यांचा जीव घेतो.

उपाय एकाच कामात झाला. सगळे मासे वेगळ्या टबात हलवले, त्यात हवेचा पंप सोडला आणि औषध तिथं, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरात पिंपं भरलेली होती. उघड्या पिंपात राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडालेला असतो, ते पाणी कामी आलं. ठिपक्यांचा परजीवी माशाशिवाय जगत नाही, त्यामुळे टाकी दोनतीन आठवडे बिनमाशांची राहिली की तीही साफ होते आणि क्रेफिशलाही निवांतपणा मिळतो. कात मी परत टाकीत सोडली. तो ती खातो, कवचाला लागणारं कॅल्शियम त्यातून परत मिळतं. मुलानं ते ऐकलं आणि टाकीला नाक लावून बसला.

मॉली नंतर परत आल्या, झाडं दाट लावून. गोल्डफिश मात्र मी परत घालू दिले नाहीत. संथ पोहणारा, लांब शेपटीचा मासा आणि नांग्यांचा प्राणी एका टाकीत नकोच. माशांबरोबर कोळंबीच हवी असेल तर लहान, शांत मासे आणि चेरी श्रिम्प बरे.

निघताना आजोबांनी विचारलं, "मोठा झाला की शेततळ्यात सोडू का?"

नाही म्हणालो. हा परदेशी प्राणी आहे. तळं भरून वाहिलं की ओढ्यात जाईल, पुढं नदीत. याच्या काही जाती जगात कुठं कुठं बेसुमार वाढल्यात, काठ पोखरतात, माशांची अंडी खातात. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावातही सोडायचा नाही, नको झाला तर मला फोन करा, मी घेऊन जाईन.

"मग राहू दे इथंच," आजोबा म्हणाले, आणि नातवाला दुसरी कुंडी आणायला पाठवलं.