सरकार पडलं तेव्हाचा तास

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपरला लावलेलं शेपूट, असं आमच्या वेळी सगळेच धरून चालायचे. पण शाळेतलं सगळ्यात जास्त कामी काय आलं असं मला विचाराल तर तोच विषय, आणि तो सरांमुळे. आम्ही लालबाग-परळची मराठी मिडियमची पोरं, टीव्हीवर व्हिप, हंग पार्लमेंट असं काय काय ऐकायचो, सर ते शब्द फळ्यावर लिहून एकेक सोडवून सांगायचे.

एप्रिल १९९९. जयललितांनी पाठिंबा काढला, राष्ट्रपतींनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि शनिवारी वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. सोमवारी वर्गात नुसता गलका. एकाने विचारलं, सर आता सरकारच नाही तर पोलीस कोणाचं ऐकणार, बेस्टच्या गाड्या चालणार का? सर हसले नाहीत. म्हणाले, अरे पडलं ते गव्हर्नमेंट, स्टेट म्हणजे सगळी शासनव्यवस्था जागच्या जागी आहे. पुढची सोय होईपर्यंत वाजपेयीच काळजीवाहू पंतप्रधान राहणार, आणि हा अविश्वास ठराव नव्हता बरं का, सरकारने स्वतः मांडलेला विश्वासदर्शक होता.

मग त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले, पॉलिटी, पॉलिसी, पॉलिटिक्स. तिन्हींचं मूळ ग्रीकमधलं पोलिस, म्हणजे नगर, पोलीस चौकीतला पोलीसही तिथूनच आलाय. उदाहरण दिलं आमच्याच चाळीच्या नळाचं. महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, कारभाराचे अधिकार महापौरांकडे नाहीत, राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे आहेत, ही झाली पॉलिटी, म्हणजे कारभाराची चौकट. कुठल्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं ही पॉलिसी. आणि आपल्या नळाला प्रेशर नाही म्हणून तुमच्या आया हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर जातात ना, ते पॉलिटिक्स. आम्ही गप्पच झालो, कारण तोपर्यंत पॉलिटिक्स म्हणजे पुढाऱ्यांची भांडणं आणि घाणेरडं काहीतरी एवढंच घरी ऐकलेलं, त्यात आपली आई पण असते हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आज आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या मिटिंगला लोक नगरसेवकावर चिडतात तेव्हा मी आधी विचारतो, हे काम त्याच्या हातातलं आहे का, की नियमच राज्य सरकारचा आहे? तिथून मग अर्ज नक्की कोणाला करायचा ते ठरतं.

सध्याच्या शिक्षकांना मनापासून एकच विनंती, परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला देऊन टाकू नका.