भाकरीच्या पदरातली चिठ्ठी

आमची आजी कुंडलची. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार इंग्रजांच्या नाकावर टिच्चून चालले होते आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्याच प्रतिसरकारच्या लढाऊ दलाने, म्हणजे तुफान सेनेने, सरकारी पगाराची रेल्वेगाडी लुटली, तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. रानात न्याहारी नेण्याच्या निमित्ताने ती भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोहोचवी, हे आजोबांनाही कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. आम्हाला कळले ते एकदा ती भाकऱ्या थापत असताना. टम्म फुगलेल्या भाकरीचा पदर बोटाने उचलून ती सहज म्हणाली, "कागद हितं सारायचा." स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी अर्ज तिने करायला हवा होता, असे मला अजूनही वाटते, पण "साक्षीला कुणाला आणू, भाकरीला?" असे विचारून तिने काकांना गप्प केले.