लक्ष्मीबाईंचे नाव: अक्षरे दहा, बाइट तीस

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पतसंस्थेचा डेटाबेस बांधायचा, तर एका सभासदाचे नाव तीनदा साठवायची तयारी हवी. पासबुकावर मराठी, शेतीच्या उताऱ्याशी जुळवायला कन्नड, पॅन-आधारसाठी इंग्रजी. माय-एस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मर्यादांचे आकडे आपण इंग्रजीच्या हिशोबाने, म्हणजे एक अक्षर एक बाइट असे वाचतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

‘लक्ष्मीबाई’ हे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरे चार दिसतात: ल, क्ष्मी, बा, ई. डेटाबेसला दहा दिसतात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई. यातले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या प्रचलित पद्धतीत, तीन बाइट घेते, म्हणजे एकूण तीस. कन्नड लिपीचेही तसेच, दर चिन्हाला तीन. चिन्हे मोजणारे ‘कॅर लेंग्थ’ फंक्शन दहा सांगेल आणि बाइट मोजणारे ‘लेंग्थ’ तीस. कोणती मर्यादा यातल्या कुठल्या आकड्यावर चालते, हे टेबल बांधण्याआधी ठाऊक हवे.

व्हारकॅर म्हणजे ठरावीक लांबीपर्यंतच्या मजकुराचा कॉलम. त्याच्या कंसातला आकडा चिन्हांचा असतो. व्हारकॅर (५०) मध्ये पन्नास देवनागरी चिन्हे बसतात. टेक्स्ट प्रकाराची मर्यादा मात्र बाइटमध्ये: ६५,५३५ बाइट म्हणजे देवनागरीची २१,८४५ चिन्हे. टायनीटेक्स्टला २५५ बाइट, म्हणजे फक्त ८५ चिन्हे. गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा पूर्ण पत्ता त्यात मावेलच असे नाही.

सर्वात फसवी मर्यादा ग्रुप कॉनकॅटची, म्हणजे अनेक नोंदींतली मूल्ये जोडून एक मजकूर करणाऱ्या फंक्शनची. त्या मजकुराची लांबी ठरवणारी ‘ग्रुप कॉनकॅट मॅक्स लेन’ ही सेटिंग मुळात १०२४ असते आणि तेही बाइटच. वीस जणींच्या बचत गटाची नावे एका ओळीत छापायची आहेत आणि प्रत्येक नाव ‘लक्ष्मीबाई मारुती पाटील’ एवढ्या लांबीचे आहे असे धरा. एका नावाला दोन मोकळ्या जागांसह ६५ बाइट लागतात. पंधरा नावे आणि पंधरा स्वल्पविराम मिळून ९९० होतात, उरतात ३४. सोळावे नाव ‘लक्ष्मीबाई म’ इथे तुटते आणि पुढच्या चौघी कागदावर येतच नाहीत. चूक दाखवून क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) थांबत नाही. फक्त एक वॉर्निंग पडते आणि बहुतेक रिपोर्टची सॉफ्टवेअर ती दाखवत नाहीत. कॉन्फिग फाइलमध्ये हा आकडा एक लाख करून ठेवा. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर हा दोष सापडणार नाही, चाचणीचा डेटा मराठी आणि कन्नडच हवा.

इंडेक्सचा, म्हणजे झटपट शोधासाठीच्या सूचीचा, हिशोब पुन्हा वेगळा. तिथे सर्व्हर खरे बाइट मोजत नाही, यूटीएफ८-एमबी४ (माय-एस्क्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-८) मध्ये प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त चार बाइट लागतील असे धरून चालतो. इनोडीबी हे माय-एस्क्यूएलचे मूळ साठवण इंजिन. त्याच्या डायनॅमिक रो फॉरमॅटमध्ये (ओळ साठवायच्या पद्धतीत) इंडेक्स कीला ३०७२ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे ७६८ चिन्हे. मराठी नाव २००, कन्नड नाव २००, पत्ता ४०० असा एकत्र इंडेक्स मागितला की ३२०० भरतात आणि १०७१ क्रमांकाची चूक येते. पत्त्याची पहिली पन्नास चिन्हेच इंडेक्समध्ये घ्या, शोधायला बहुधा तेवढी पुरतात. टेबलातल्या एका पूर्ण ओळीची (रो) मर्यादा ६५,५३५ बाइट, तीही याच चारच्या हिशोबाने. व्हारकॅर (२०००) चे आठ कॉलम चालतात, नववा टाकला की १११८ ची चूक. शेऱ्यासारखे लांब मजकूर टेक्स्टमध्ये न्या. ओळीच्या या हिशोबात टेक्स्ट फक्त ९ ते १२ बाइट खातो.

जुन्या डेटाबेसात आणखी एक अडचण असते. आवृत्ती ८.० च्या आधी मूळ कॅरेक्टर सेट लॅटिन१, म्हणजे दर चिन्हाला एकच बाइट देणारा, होता. अशा व्हारकॅर (५०) मध्ये मराठी भरली असेल तर सोळा चिन्हे पूर्ण बसतात आणि सतरावे दोन बाइटवर अर्धे तुटते. अशा टेबलावर थेट ‘कन्व्हर्ट टू’ (कॅरेक्टर सेट बदलणारी आज्ञा) चालवू नका. आतले बाइट आधीच यूटीएफ-८ चे असतात, ते दुसऱ्यांदा बदलले जाऊन नावांचा चुराडा होतो. आधी बॅकअप, मग कॉलम व्हारबायनरी (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करा, शेवटची अर्धी चिन्हे छाटा आणि मगच व्हारकॅर यूटीएफ८-एमबी४ करा. छाटणी राहिली तर स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) १३६६ ची चूक देऊन अडवतो, आणि अडवतो हेच चांगले.

आता कनेक्शन. एका वेळी किती कनेक्शन चालतील ते ठरवणारे ‘मॅक्स कनेक्शन्स’ मुळात १५१, शिवाय अ‍ॅडमिनसाठी एक राखीव. बारा शाखा, प्रत्येकीचा पूल (आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन) दहाचा, म्हणजे १२० तिथेच गेले. संध्याकाळी चाळीस पिग्मी एजंट एकदम मोबाइलवरून भरणा पाठवू लागले की १६० होतात आणि काउंटरवर १०४० ची चूक दिसू लागते. आकडा सरळ हजारावर नेणे मला पटत नाही, कारण प्रत्येक कनेक्शन स्वतःची मेमरी घेते. शाखेचा पूल चारवर आणा. रिकामे कनेक्शन किती वेळ उघडे ठेवायचे तो ‘वेट टाइमआउट’ मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो, तो ६०० करा. पूलमधले रिकामे कनेक्शन मात्र त्याआधीच सोडले जाईल असे लावा, नाहीतर ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ येत राहील.

बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत ठेवायची जागा, मुळात १२८ एमबीचाच असतो. १६ जीबीचे मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर १० जीबी द्या.

एका सेटिंगला मात्र हात लावू नये: ‘इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट टीआरएक्स कमिट’. मूळ किंमत १, म्हणजे प्रत्येक कमिट (पक्का केलेला व्यवहार) डिस्कवर पोचतो. वेगासाठी ती २ करा असा सल्ला सर्रास मिळतो. पण २ वर वीज गेली की शेवटच्या साधारण सेकंदाभरातले कमिट जाऊ शकतात. खानापूरच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि त्या सेकंदात कुणाची तरी भरलेली पावती असते. वेग हवा तर वर्षअखेरच्या व्याजाच्या नोंदी एकेक कमिट न करता हजार-हजारांच्या गटाने कमिट करा.