फाल्गुनातले आमचे शिवार

राधानगरी तालुक्यातल्या आमच्या रानात ऊस कारखान्याला गेला, की खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, कामे अंगावर येतात. बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, एकाआड एक सरीत दाबायचे, आणि टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू टाकून ते कुजवायचे. पाचट पेटवणे सोपे असते. मला ते मान्य नाही.

परवा बुडखे छाटताना टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून एवढा आकांत केला, की मी जागीच थांबलो. दोन पावलांवर, ढेकळांच्या उथळ खळग्यात, मातकट रंगावर काळे ठिपके असलेली चार अंडी होती. टोके आत वळलेली, अगदी मातीसारखी. तेवढा तुकडा मी तसाच सोडला.

पहाटे ओढ्याकाठच्या पांगाऱ्यावर साळुंक्या आणि बुलबुल मधासाठी भांडत असतात. १९५८ साली घोषित झालेले दाजीपूरचे गवा अभयारण्य आमच्यापासून दूर नाही, त्यामुळे कोवळ्या फुटव्यांवर कधी गवा येतो. मंगळवारी बांधापलीकडे एकटा नर उभा होता, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि मोटारीचा आवाज ऐकून तो शांतपणे करवंदीच्या जाळीत शिरला.