रस्त्याकडेची अनोळखी माणसे

डिसेंबरच्या अखेरीस मेलबर्न शहर निम्मे ओस पडते. शाळांना सुट्टी लागलेली असते, बहुतेक कचेऱ्या नाताळापासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद असतात, आणि ज्याला त्याला गाडीच्या टपावर सायकली बांधून किंवा मागे कॅराव्हॅन जोडून समुद्राकडे पळायचे असते. मे महिन्यात कोकणच्या रस्त्याला लागते तशी गाड्यांची रांग इथे नाताळात लागते. समुद्रकाठची पहिली काही गावे मागे पडली, की मात्र ही रांग विरत जाते आणि मग तासन्‌तास तारेचे कुंपण, उन्हाने पिवळे पडलेले गवत, मेंढ्या आणि गमची, म्हणजे निलगिरीची, उंच झाडे यांखेरीज काही दिसत नाही. यंदा रत्नागिरीहून आलेली आई आमच्यासोबत होती. दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "अगं, इथे माणसं राहतात की नाही?"

प्रश्न रास्त होता. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी बंद पडली, तर बॉनेट उघडण्याआधीच चार माणसे गोळा होतात; त्यांतला एक चुलतभावाच्या गॅरेजचा पत्ता सांगतो आणि दुसरा पाणी आणून देतो. इथे तसे कोणी येत नाही. तरीही वर्षानुवर्षे या रस्त्यांवरून गेल्यावर मला वाटू लागले आहे, की इथे माणसांची गाठ पडते ती त्यांनी आधीच करून ठेवलेल्या कामांतून. कोणी तरी आपला विचार करून निघून गेलेला असतो आणि आपण नंतर तिथे पोचतो.

ग्रेट ओशन रोडचेच पाहा. टॉर्कीपासून ॲलन्सफोर्डपर्यंतचा हा 243 किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात मुख्यतः कुदळ, फावडे आणि सुरुंगाच्या दारूच्या जोरावर कड्यांच्या कुशीतून काढला. जे साथीदार परत आले नाहीत, त्यांच्या स्मरणार्थ चौथरा किंवा पुतळा उभारण्याऐवजी रस्ताच बांधावा, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते. ईस्टर्न व्ह्यूजवळ लाकडी ओंडक्यांची स्मारक कमान आहे. तिथे छायाचित्रांसाठी झुंबड उडालेली असते, पण कमानीशेजारचा सैनिकांचा पुतळा पाहायला थांबणारे कमी. पुढचे 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' नावाचे प्रसिद्ध खडक मूळचेही बारा नव्हते. 2005 साली त्यांतला एक कोसळला आणि आता आठच उरले आहेत. जवळच्या 'लंडन ब्रिज' नावाच्या नैसर्गिक कमानीचा किनाऱ्याला जोडणारा भाग जानेवारी 1990 मध्ये ढासळला, तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने सोडवून आणावे लागले. हे सारे पाहण्यासारखे आहेच, पण तिथली गर्दी पाहून मला नेहमी पुढे निघण्याची घाई होते.

या रस्त्यावरच वाय रिव्हर नावाचे छोटे गाव डोंगरउतारावर वसलेले आहे. 2015 च्या नाताळच्या दिवशी वणवा या गावात आणि शेजारच्या सेपरेशन क्रीकमध्ये शिरला आणि 116 घरे जळून गेली. लोकांना वेळीच बाहेर काढल्यामुळे एकही माणूस दगावला नाही. ऑस्ट्रेलियातला उन्हाळा म्हणजे वणव्यांचा काळ, त्यामुळे रस्त्याकडेला ठिकठिकाणी अर्धवर्तुळाकार रंगीत फलक दिसतात आणि त्यांवरचा काटा त्या दिवशीचा धोका किती, ते दाखवतो. खेडोपाडी वणव्याशी झुंजायला जाणारे बहुतेक जण पगारी नोकर नसतात. शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे गावचेच स्वयंसेवक असतात. प्रत्येक लहान गावात त्यांची लाल गाडी उभी असलेली एक पत्र्याची शेड असते. सकाळी निघताना या काट्याकडे पाहायची सवय आता आमच्या मुलीलाही लागली आहे.

वॉर्नाम्बूल ओलांडले की टॉवर हिल लागते. हे एका निद्रिस्त ज्वालामुखीचे विस्तीर्ण विवर आहे आणि त्यात तळे, बेटे आणि दाट झाडी आहे. एमू गाड्यांच्या मधून बिनदिक्कत फिरतात आणि पोळीभाजीचा डबा उघडला, की मान लांब करून चौकशीला येतात. पाहणाऱ्याला वाटते, की हे रान युगानुयुगे असेच असेल. प्रत्यक्षात 1892 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवल्यावरही इथली झाडे तोडली गेली, गुरे चरली, दगडाच्या खाणी निघाल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टेकड्या बोडक्या झाल्या. पुन्हा झाडे लावायचे ठरले, तेव्हा मूळचे रान कसे होते, हे सांगणारा माणूस कुठून आणायचा? मदतीला आले एक चित्र. ऑयगेन फॉन गेरार्ड या चित्रकाराने 1855 साली हे विवर इतक्या बारकाईने रंगवले होते, की कोणत्या उतारावर कोणती झाडे होती, याचा अंदाज त्यावरून बांधता आला. मग 1960 च्या दशकापासून शाळकरी मुलांनी आणि स्वयंसेवकांनी इथे झाडे लावली. शंभर वर्षांनी आपल्या चित्राचा असा उपयोग होईल, हे त्या चित्रकाराच्या स्वप्नातही आले नसेल.

त्याच भागात कोरॉइट हे बटाट्यांसाठी नावाजलेले गाव आहे. तिथल्या आडरस्त्यावर एका फाटकाबाहेर फळ्यांचे छोटे कपाट होते, त्यात बटाट्यांच्या पिशव्या, अंड्यांचे दोन डबे आणि खाली घोड्याच्या लिदीच्या खताची पोती. किंमत खडूने लिहिलेली होती आणि पावसाने त्यातला एक आकडा पुसट झाला होता. पैसे टाकायला दुधाच्या पावडरीचा जुना डबा खांबाला साखळीने बांधलेला होता आणि झाकणाला पाडलेल्या खाचेच्या कडा हात कापू नये म्हणून हातोडीने ठोकून आत वळवल्या होत्या. आईने आधी डबा हलवून पाहिला, आत नाणी वाजली. मग तिने कपाटामागे कोणी लपले आहे का, हेही पाहून घेतले. "आणि कोणी सगळाच डबा उचलून नेला तर?" या प्रश्नाचे उत्तर ती साखळी होती. विश्वास असतो, पण तो भाबडा नसतो, हे मला त्यात आवडले. अलीकडे लोकांच्या खिशात सुटे पैसे नसतात, म्हणून काही ठिकाणी बँकेत पैसे पाठवण्यासाठी क्रमांकही लिहिलेला आढळतो. नाणे टाकल्यावर होणारा आवाज त्यात नाही, एवढेच.

साउथ ऑस्ट्रेलिया राज्याची हद्द जवळ आली, की फळमाशीचे फलक सुरू होतात. बाहेरून फळे आणि टोमॅटो, मिरचीसारख्या भाज्या आत न्यायच्या नाहीत. हद्दीपाशी ठेवलेल्या पेटीत टाकायच्या, नाहीतर आधीच खाऊन संपवायच्या. पकडले गेल्यास दंड होतो, पण पेटीपाशी कोणी उभे नसते. मला वाटले होते, की आई या नियमावर चिडेल. पण हापूसच्या बागेत फळमाशीचे सापळे टांगणाऱ्या घरातून ती आली आहे. किडलेल्या आंब्याचे दुःख तिला कोणी समजावून सांगायला नको. तिने निमूटपणे गाडी थांबवायला लावली आणि आम्ही सर्वांनी बोनेटला टेकून चेरीची अख्खी पिशवी संपवली. हिरव्या मिरच्यांचे काय करावे, यावर मात्र तिला तोडगा सुचेना आणि त्या पेटीत टाकताना तिचा चेहरा उतरला. हद्द ओलांडताच घड्याळ अर्धा तास मागे गेले. आईच्या मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळच दाखवत होते. मेलबर्नमध्ये उन्हाळ्यात तिला साडेपाच तास मिळवावे लागत, ते आता नेमके पाच झाले, म्हणून हे राज्य तिला एकदम शहाणे वाटू लागले.

माउंट गॅम्बियरचे निळे तळे उन्हाळ्यात खरोखरच शाईसारखे निळे होते. तिथे थोडे थांबून आम्ही रोब गाठले. रोब आज सुट्टीसाठी येणाऱ्यांचे टुमदार बंदर आहे, पण 1857 मध्ये हजारो चिनी माणसे या किनाऱ्यावर उतरली. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या, तेव्हा स्वतंत्र वसाहत असलेल्या, व्हिक्टोरियातील सोन्याच्या खाणींकडे जायला त्यांनी हा वळसा घेतला, कारण व्हिक्टोरियाने 1855 मध्ये कायदा करून तिथे उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला होता. दुसऱ्या वसाहतीत उतरून पायी हद्द ओलांडली, की तो चुकत असे. कावडीला सामान लावून रांगेने ते बॅलरॅट आणि बेंडिगोकडे चालत निघाले. वाटाड्यांनी पैसे घेऊन मध्येच सोडून दिल्याच्याही हकिकती आहेत. त्यांच्याच एका तुकडीला वाटेत सोने सापडले आणि त्यातून अरारात हे गाव उभे राहिले. एकाच रस्त्याने आधी येऊन गेलेल्या माणसांचा विचार करताना, त्यांना येऊच द्यायचे नाही म्हणून राबलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो. व्हिसा हातात घेऊन विमानाने उतरलेल्या आमच्यासारख्यांनी तर नक्कीच.

परतताना आम्ही किनारा सोडून नॅराकूर्टवरून आत वळलो आणि पुन्हा व्हिक्टोरियात येऊन ईडनहोपला थांबलो. बहुतेक प्रवासी या गावात पेट्रोल भरून पुढे जातात, पण मराठी माणसाने तिथे उतरावे, असे माझे ठाम मत आहे. परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ आदिवासी खेळाडूंचा होता. 1868 साली इंग्लंडला जाण्यापूर्वी त्यांनी याच गावच्या लेक वॉलेसकाठी सराव केला आणि तिथे त्यांचे स्मारक आहे. त्या दौऱ्यात 47 सामने झाले आणि त्यांत जॉनी मुल्ला या खेळाडूने 1,698 धावा काढल्या आणि 245 बळी घेतले. मेलबर्नच्या नाताळातील कसोटीत सामनावीराला त्याच्या नावाचे पदक द्यायला 2020 साली सुरुवात झाली आणि ते पहिले पदक मिळाले शतक ठोकून सामना जिंकून देणाऱ्या अजिंक्य रहाणेला. माझ्या नवऱ्याने ही हकिकत स्मारकासमोर उभे राहून आईला साग्रसंगीत सांगितली, तेव्हा क्रिकेटमधले ओ की ठो न कळणाऱ्या आईने त्या दगडाला हात लावून नमस्कार केला.

तिथून हॉर्शमकडे जाणारा रस्ता सरळ, सपाट आणि त्या दिवशी भट्टीसारखा तापलेला होता. उत्तरेकडून वाळवंटावरचा वारा सुटला होता, पारा चाळिशीपार होता, आणि गाडीतून पाय बाहेर टाकताच माश्या डोळ्यांच्या कडांवर बसत होत्या. याच ओसाड रस्त्यावर मला आवडणारा एक शिष्टाचार पाळला जातो. समोरून येणारा ट्रकवाला किंवा शेतकरी स्टिअरिंगवरचा हात न उचलता फक्त तर्जनी उंचावतो. शहराजवळ हे बोट आपोआप खाली बसते, पण जिथे अर्ध्या तासात एक गाडी दिसते, तिथे ते चुकत नाही. आईला हे कळल्यापासून ती पुढच्या सीटवर बसून प्रत्येकाला चक्क हात जोडू लागली. एकदोघांनी गोंधळून हॉर्न वाजवला.

अराराताच्या पुढे हवा एकाएकी पालटली. दक्षिणेचा गार वारा आला आणि पाऊण तासात पारा पंधरा अंशांनी उतरला. इतक्यात 'ड्रायव्हर रिव्हायव्हर' हा फलक दिसला. सुट्टीच्या दिवसांत लांबचा प्रवास करणाऱ्यांना डुलकी लागू नये, म्हणून स्वयंसेवक या थांब्यांवर चहा, कॉफी आणि बिस्किटे फुकट देतात. टेबलामागे सत्तरीचे एक गृहस्थ होते आणि शेजारच्या रेडिओवर कसोटीचे समालोचन चालू होते. धावफलक आम्हाला सांगून झाल्यावर त्यांनी आईचा चहा तिच्या हातात दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. फुकटचा चहा पचणे आईला अवघड होते. ती गाडीकडे गेली, चकल्यांचा डबा घेऊन आली आणि तो तिने अख्खा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक चकली मोडून चाखली, डोळे मोठे केले, आणि उरलेल्या चकल्या बिस्किटांच्या ताटात नीट मांडून पुढच्या गाडीसाठी झाकून ठेवल्या. आई मला म्हणाली, "त्यांना सांग, तिखट आहेत. लहान मुलांना देऊ नका म्हणावं."