विषय क्रमांक १४

सकाळी सातच्या सुमारास फोटो आला. मतदानाला सहा दिवस उरले होते. नगरपालिकेच्या सभेचा कागद, कोपऱ्यात गोल शिक्का आणि लाल रंगाने अधोरेखित केलेली एक ओळ : ‘विषय क्र. १४ : दवाखान्याची इमारत व जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळणेबाबत श्री. अमुक यांचा अर्ज...’ पुढचं कापलेलं. खाली कुणीतरी टाइप केलं होतं, ‘दवाखाना विकला! ताईंनी भावाच्या घशात घातला. जागे व्हा.’

अर्जदाराचं आणि त्या प्रभागातल्या मावळत्या नगरसेविकेचं आडनाव एकच होतं. ताई पुन्हा निवडणुकीला उभ्या होत्या.

स्थानिक बातमीदारीत मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. निवडणुकीत अफवा उठायच्याच. बहुतेकींना कागद नसतो, म्हणून त्या सोडून देता येतात. हिला कागद होता. मी फोटो तीन माहीतगारांना पाठवला, त्याखाली वेगळ्या मेसेजमध्ये ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं आणि आवरायला घेतलं.

आधी दवाखान्यात गेले. लसीकरणाचा दिवस होता. एरवी या दिवशी दारात पाय ठेवायला जागा नसते, रडणाऱ्या पोरांमुळे आत बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी बाकं रिकामी. सिस्टर लसींच्या डब्याशेजारी नुसत्या बसून होत्या. मला पाहून म्हणाल्या, “मॅडम, आम्हाला कधी हलवणार आहेत? तुम्हाला तरी माहीत असेल.” त्यांनाही तोच फोटो आला होता. दवाखाना बंद झाल्याचं समजून बायका आल्याच नव्हत्या. फाटकाबाहेर दोन माणसं उभी होती. त्यातला एक आत बोट दाखवून दुसऱ्याला म्हणाला, “बघ, माणूस नाही आत. सगळं उरकलंय.”

रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४८मध्ये बँकेचं उदाहरण दिलं होतं. बँक धडधाकट असते, पण बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि त्या धावण्यानेच ती बुडते. मी ते कधीतरी वाचलं होतं. त्या बाकांपुढे उभी राहीपर्यंत ते मला पुस्तकी वाटायचं. इथे अफवेने सकाळी दवाखाना रिकामा केला होता आणि दहा वाजता तोच रिकामा दवाखाना पुरावा म्हणून दाखवला जात होता.

तिथूनच ताईंना फोन लावला. त्या प्रचारात होत्या, मागे घोषणा चालू होत्या. मी भावाबद्दल विचारलं. थोडा वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, मला भाऊच नाही. आम्ही तिघी बहिणी.”

हे तुम्ही लोकांना सांगितलं का?

“सकाळपासून सांगतेय. आता म्हणतात, चुलतभाऊ असेल.”

नगरपालिकेत सभेचं काम बघणारे लिपिक माझ्या चांगल्या ओळखीचे. मी फोटो दाखवला, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “बाकीचं पान कुठाय?” त्यांनी कपाटातून तीन महिन्यांपूर्वीच्या सभेची विषयपत्रिका काढली. फोटोतली ओळ जिथे तुटली होती, तिथून पुढे लिहिलं होतं : ‘...यावर विचारविनिमय करून निर्णय घेणे.’

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम या एका ओळीत होती. सभेपुढे येतो तो ‘विषय’. कुणी अर्ज केला, मागणी केली, तक्रार केली की तो विषय म्हणून पत्रिकेवर चढतो. सभेत ठरतं तो ‘ठराव’. त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो आणि त्याची नोंद प्रोसिडिंग बुकात होते. विषय म्हणजे विचारलेला प्रश्न, ठराव म्हणजे त्याचं उत्तर. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, कारण भाषा तीच, शिक्का तोच, आकडे तसेच. मला हा फरक माहीत होता. सकाळी फोटो पाहिला, तेव्हा मीही तो बघितला नाही.

प्रोसिडिंग बुक उघडलं. विषय क्रमांक १४ खाली जेमतेम चार ओळींचा ठराव होता. दवाखाना नागरिकांच्या वापरात असल्याने अर्ज नामंजूर करावा, असं सर्वानुमते ठरलं होतं. सूचक म्हणून ज्यांचं नाव होतं, त्या ताईच.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“कुणी विचारलंच नाही,” लिपिक म्हणाले, आणि पुस्तक परत कपाटात ठेवलं.

बातमी मिळाली होती. पण हे सुरू कुणी केलं, ते शोधायची मला खुमखुमी होती. आजही वाटतं, तो वेळ मी दवाखान्यासमोर उभं राहून बायकांना आत बोलवण्यात घालवला असता तर बरं झालं असतं. दुपारभर मी उलट्या दिशेने चालत होते. तुम्हाला कुणी पाठवलं? त्यांना कुणी? वहीत प्रत्येकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवत होते. पहिल्याला ‘भाडेपट्ट्याने देताहेत’ असं कळलं होतं, दुसऱ्याला ‘दिला’, तिसऱ्याला ‘विकला’, चौथ्याला ‘भावाला विकला, पुढच्या महिन्यात पाडणार’. प्रत्येकाने काहीतरी गाळलं होतं आणि जे उरलं त्याला थोडी धार लावली होती.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत अफवेवर प्रयोग केले होते. रेल्वेच्या डब्याचं एक चित्र, ते पाहणाऱ्याने न पाहिलेल्याला सांगायचं, त्याने पुढच्याला. चित्रात वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात होता. निम्म्याहून अधिक प्रयोगांत तो सांगता सांगता काळ्या माणसाच्या हातात गेला. मुद्दाम हलवायची गरजच नव्हती, ऐकणाऱ्याच्या मनात तो आधीपासून त्याच हातात होता. ताईंचा भाऊ असाच आला असावा. नगरसेविका आहे, जागा आहे, आडनाव एक आहे, म्हणजे भाऊ असणारच.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पाचव्या माणसापाशी पोचले. छोटा व्यावसायिक, राजकारणाशी काही संबंध नाही. त्याच्या फोनवरच्या फोटोला ‘फॉरवर्डेड’ची खूणही नव्हती, म्हणजे मध्येच कुणीतरी स्क्रीनशॉट काढून नव्याने सोडला असावा. मी विचारलं, “तुम्ही लगेच विश्वास कसा ठेवलात?”

तो जरा चमकला. “मॅडम, तुमच्याकडूनच आलंय ना? मला सांगितलं, पेपरवाल्या मॅडमनी पाठवलंय. मग मी सत्तर-ऐंशी जणांना पाठवलं.”

माझा फोटो पुढे गेला होता. खालचा प्रश्न माझ्याच तीन माणसांच्या फोनमध्ये राहिला होता.

अफवा माझ्यापासून सुरू झाली नव्हती, हे खरं. विषयपत्रिका सगळ्या सदस्यांना जाते, मूळ फोटो कुणी काढला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या भागात तिला वजन आलं ते माझ्या नावामुळे. मी त्या तिघांना फोन केले. एकजण म्हणाला, “मी फक्त एकाच ग्रुपवर टाकलं.”

रात्री बातमी लिहायला बसले, तर मथळ्यावर अडले. ‘दवाखाना विकलेला नाही’ असं लिहिलं, तरी नजरेत पहिले दोनच शब्द भरतात. शेवटी ‘दवाखाना सुरू, लसीकरण उद्याही’ असा मथळा दिला, खाली ठराव शब्दशः छापला, सूचकाच्या नावासह. फोटो पुढे पाठवताना मीही चुकले, ही ओळ मी शेवटी घातली होती. जागा नाही म्हणून ती डेस्कवर कापली गेली. जागा खरंच नव्हती. मीही फार भांडले नाही.

ताई थोडक्या मतांनी पडल्या. त्या फोटोमुळे की आणखी कशामुळे, हे मतपेटी सांगत नाही. ज्यांनी अर्ज केला होता त्या वयस्कर गृहस्थांनी मात्र दोन आठवडे घराबाहेर पडणं सोडलं. त्यांनी फक्त अर्ज केला होता, आणि तो नाकारला गेला होता.

निकालानंतर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बाकं भरलेली. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजींनी मला ओळखलं आणि शेजारणीला सांगितलं, “याच त्या. यांनी पेपरात छापलं म्हणून विकलेला दवाखाना परत मिळाला.”

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगायला लागले की आजी, तो विकलाच नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“असू दे गं,” त्या माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, “तुला बोलायची बंदी असेल.”